चाळिशी आणि खांब

माणसाने काय कधी शिकावे, याचे वेळापत्रक आपल्याकडे तो जन्मण्याआधीच तयार असते. चालणे पहिल्या वर्षी, पाढे सहाव्या वर्षी, सायकल दहाव्या वर्षी आणि नोकरी लागली की शिक्षण बंद. चाळिशी लागल्यावर नवीन शिकण्याजोग्या दोनच गोष्टी उरतात : वर्तमानपत्र हात लांब करून वाचणे आणि चहा बिनसाखरेचा पिणे. या वेळापत्रकाबाहेर कोणी काही शिकू लागला, तर शेजारी हळूच विचारतात, ‘‘घरी सगळं बरं आहे ना?’’ आणि शिकलेले तो दुसऱ्याला शिकवूही लागला, तर कोणी विचारतसुद्धा नाही. निदान झालेले असते.

हा प्रश्न आमच्या घरात आला तो मुंबईच्या मामेबहिणीमुळे. बाई हिशेबनीस आहे. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या नफ्यातोट्याची बेरीज करते. पस्तिसाव्या वर्षी तिची पाठ धरली. अशा वेळी शहाणा माणूस बामची बाटली आणतो. हिने पोल डान्सचा क्लास लावला. पोल डान्स म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत ताठ उभा केलेला पोलादी नळ, आणि त्याच्यावर चढून, लटकून, गरगर फिरून करायचा नाच. पहिले चार महिने आपण नळाला नुसती मिठी मारून उभ्या होतो, असे ती स्वतःच सांगते. आज ती एक्केचाळीस वर्षांची आहे, डोके खाली पाय वर अशी त्या नळावर सुखाने राहते आणि शनिवार-रविवार इतर बायकांना तेच शिकवते. तिच्या वर्गात एक दाताची डॉक्टरीण आहे, दोन शिक्षिका आहेत आणि एक चक्क आजी आहे.

मामी आर्वीला असतात. त्या वर्ध्याला आल्या, आमच्याकडे गोरसपाकाचा एक तुकडा तोंडात टाकला आणि तो विरघळायच्या आत म्हणाल्या, ‘‘शिकली तं शिकली. पोरीची पाठ दुखत होती. पण शिकवते कायले? तिले कोणं सांगतलं शिकवाले?’’

मी हे बँकेत सांगितले. आमचे शिपाई शांतपणे म्हणाले, ‘‘इतकी चांगली चढते तं लाइनमनच्या भरतीत काऊन नाही जात जी? पगार तरी पक्का राहील.’’

शिपायांच्या प्रश्नाला व्यावहारिक उत्तर आहे. मामींच्या प्रश्नाला नाही. त्यांना शिकण्याचा राग नव्हता, शिकवण्याचा होता. हा फरक मला पहिल्यांदा गंमतीचा वाटला, मग पटला. आपल्या खात्यातून आपण पैसे काढले, तर बँक फक्त सही पाहते. पण आपण दुसऱ्याला जामीन राहिलो, की दोन प्रश्न येतात : तुमची पत काय, आणि उद्या तुम्ही उलटलात तर कोण बुडणार? शिकणे हा आपल्या खात्यातला व्यवहार, शिकवणे ही हमी. तेव्हा मामींनी गोरसपाक खाता खाता जे विचारले, ते तत्त्वज्ञानाच्या जाड पुस्तकात शोभले असते : जो उशिरा शिकला, आणि म्हणून कदाचित थोडेच शिकला, त्याला शिकवण्याचा अधिकार आहे काय?

या प्रश्नाला भिडण्याआधी वाटेत आडवी पडलेली लाज बाजूला करायला हवी. मामींच्या बैठकीत भिंतीवर मामांचा एक फोटो आहे. मामा तरुणपणी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांब करीत. हे मंडळ १९१४ सालचे, वैद्य बंधूंनी काढलेले. १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक भरले, तेव्हा याच मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. फोटोत मामा लंगोट लावून मल्लखांबाच्या बोंडावर पोट टेकवून मोरासारखे आडवे झाले आहेत. मामी तो फोटो रोज पुसतात आणि दसऱ्याला हार घालतात. म्हणजे खांब आहे, चढणारा आहे, कपडे मुलीच्या कपड्यांच्या निम्मेसुद्धा नाहीत. तरी त्याला हार आणि तिला प्रश्न!

कपड्यांचा मुद्दा तर निव्वळ पदार्थविज्ञानाचा आहे. कापड घसरते, कातडी धरते. पोलादी नळ स्पर्धेच्या नियमाप्रमाणे ४५ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला मांडीच्या आणि दंडाच्या कातडीनेच धरावे लागते. लेंगा घालून चढणारा तितक्याच डौलाने खाली येतो. मल्लखांबाची गोष्ट वेगळी नाही. शिसवी किंवा सागवानी खांब, जमिनीवर साधारण साडेआठ फूट, वर निमुळता होत गेलेला, त्याला मान आणि मानेवर बोंड. त्याला एरंडेल चोळतात, म्हणजे अंग सोलवटत नाही, आणि हाताला राळ लावतात, म्हणजे पकड सुटत नाही. तेल आणि राळ दोन्ही लागतात, हे ज्याला समजले त्याला संसाराविषयी वेगळे सांगायला नको. पोल डान्सवाल्यांना मात्र तेलाचे वावडे. क्लासच्या दिवशी अंगाला मलमसुद्धा लावून यायचे नाही. एवढाच काय तो दोन संस्कृतींमधला फरक.

आता हा नाच आला कुठून, हेही लपवू नये. अमेरिका-कॅनडातल्या दारूच्या क्लबांतून तो आला. पोट भरण्यासाठी तिथे नाचणाऱ्या बायकांनी त्यातल्या चढण्या-फिरण्याच्या युक्त्या घडवल्या. मग तो व्यायामशाळेत शिरला, २००९ साली त्याची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, २०१२ साली लंडनला जागतिक स्पर्धा भरली, गुण आले, पंच आले, नियमांचे चोपडे आले. जिथे नियमांचे चोपडे येते तिथे प्रतिष्ठा येतेच. आमच्या बँकेचे सारे वजन त्याच्यावरच आहे.

मल्लखांबाचाही जन्म काही परीक्षा मंडळाच्या बैठकीत झाला नाही. कुस्तीगिराने लाकडी प्रतिस्पर्ध्याशी झोंबून अंग तयार करावे, म्हणून तो. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. नंतर तो मागे पडला आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी पुन्हा उभा केला. कथा अशी सांगतात, की निजामाकडच्या अली आणि गुलाब या पैलवानांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले. ते कोवळ्या बाळंभटांनी उचलले आणि ते सप्तशृंगीच्या डोंगरात तपाला बसले. तिथे मारुतीने माकडाच्या रूपात झाडावर खेळून डाव दाखवले. पुढे अली चीत झाला. गुलाब लढलाच नाही. मला या कथेत अलीपेक्षा माकड महत्त्वाचे वाटते. एवढ्या मोठ्या विद्येचा मूळ गुरू कोण, तर एक माकड! त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हते, वर्गाची फी नव्हती, ‘मी तुला शिकवतो आहे’ असा आवही नव्हता.

लाज बाजूला सारली. आता वय.

कॉमर्सच्या पहिल्याच वर्षाला घसारा शिकवतात. यंत्र घेतले, की दर वर्षी त्याची किंमत थोडी कमी लिहायची. त्याच्या दोन पद्धती आहेत. एक सरळ रेषेची : दर वर्षी ठरलेली रक्कम वजा, आणि ठरलेल्या वर्षी यंत्राची किंमत शून्य. दुसरी घटत्या शिलकेची : दर वर्षी उरलेल्यातूनच काही टक्के वजा. हिच्यात किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. समाज माणसाच्या शरीरावर पहिल्या पद्धतीने घसारा लावतो. साठाव्या वर्षी भंगार. शरीर मात्र दुसऱ्या पद्धतीने चालते आणि मधूनमधून दुरुस्तीचा खर्चही मान्य करते. अमेरिकेतल्या ग्रेटा पाँटारेली या बाईंनी हाडे विरळ होऊ लागल्यावर एकोणसाठाव्या वर्षी नळाला हात घातला आणि आपल्या वयोगटात जगज्जेतेपदे मिळवली. आमच्याकडे त्या वयाला निरोप समारंभाची शाल कोणत्या रंगाची घ्यावी, यावर चर्चा चालू असते.

खरे तर वर्ध्याच्या माणसाने उशिरा शिकणाऱ्याला हसूच नये. आमच्या जिल्ह्यातल्या सर्वांत प्रसिद्ध रहिवाशाने नाचाचाही क्लास लावला होता. १८८८ साली मोहनदास गांधी लंडनला गेले आणि सभ्य गृहस्थ व्हायचे म्हणून तीन पौंड फी भरून नाच शिकू लागले. तीन आठवड्यांत सहाएक धडे झाले, पण पियानोचा ताल काही सापडेना. कान तयार व्हावा म्हणून आणखी तीन पौंडांचे व्हायोलिन घेतले. शेवटी दोन्ही सोडले. हा सारा हिशेब त्यांनी आत्मकथेत पौंडांसकट मांडला आहे. आमच्या ऑडिटरला असा माणूस आवडला असता.

पण खरी गोष्ट चरख्याची आहे. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्या’त त्यांनी हातमागाची महती गायली. तोवर हातमाग किंवा चरखा डोळ्यांनी पाहिल्याचे आठवत नाही, असे त्यांनीच पुढे लिहिले. १९१५ मध्ये आफ्रिकेहून परत आले, तेव्हाही पाहिलेला नव्हता. मग गंगाबेन मजमुदारांनी हिंडून हिंडून बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखे शोधून काढले. घरोघर चरखे होते, पण अडगळ म्हणून माळ्यावर टाकलेले. गांधीजी सूत काढायला शिकले ते पन्नाशीच्या आगेमागे. म्हणजे माझ्या मामेबहिणीपेक्षाही उशिरा. आणि नीट शिकून व्हायच्या आतच देशाला शिकवायला निघाले!

आता विचार करा. विजापूरच्या आज्ज्या लहानपणापासून सूत काढत होत्या. त्यांचा हात या नवशिक्यापेक्षा शंभरपट तयार असणार. तरी त्यांचा चरखा माळ्यावर गेला आणि माळ्यावरून खाली आणला तो उशिरा शिकू पाहणाऱ्याने. ज्याला एखादी गोष्ट जन्मापासून येते, त्याला ती येते हेच पुष्कळदा ठाऊक नसते. मामांना मी एकदा विचारले होते, की अढी कशी मारायची. मामा म्हणाले, ‘‘अरे, धर आन् चढ.’’ हा त्यांचा संपूर्ण अभ्यासक्रम. मी दोनदा विचारल्यावर त्यांनी शब्द वाढवले नाहीत. स्वतः चढून दाखवले. उलट मामेबहिणीला विचारा. कोणत्या आठवड्यात पायाच्या वरच्या बाजूला काळेनिळे होते, कोणत्या महिन्यात ‘आता सोडून द्यावे’ असे वाटते, उलटे लटकताना भीती पोटातून सुरू होते की तळव्यातून, सगळे तारीखवार सांगेल. मामांजवळ भांडवल होते. तिच्याजवळ रोजकीर्द आहे. विद्यार्थ्याला पुष्कळदा रोजकीर्दच लागते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम निघाली, तीही हाताने काही करता करता शिकावे म्हणूनच. तकली फिरवताना मास्तरांचाही धागा तुटतो, आणि मुलांच्या देखत तुटतो. त्यात त्यांचे मास्तरपण कमी होत नाही. १९४५ मध्ये तर सेवाग्रामला या तालमीची हद्द वाढवून तिच्यात प्रौढांनाही घेतले. म्हणजे आमच्या जिल्ह्यात चाळिशीच्या माणसाने काही शिकणे हे वेड नसून स्थानिक परंपरा आहे. इथून तीन कोसांवर पवनारला विनोबा राहत. त्यांनी दक्षिणेतल्या चार भाषा शिकून घेतल्या त्या वेल्लोरच्या तुरुंगात, पन्नाशीकडे झुकल्यावर. आम्ही मात्र तमिळ ग्राहक आला की अजूनही शिपायाकडे बघतो.

इतके झाल्यावर उशिरा शिकणाऱ्याला हार घालून मोकळे व्हावे, असे वाटते. पण थांबा. दुसरी बाजूही आहे आणि ती हलकी नाही. सहा आठवडे क्लास करायचा, सातव्या आठवड्यात स्वतःची पाटी लावायची, असे गुरू आज गल्लोगल्ली आहेत. योगाचे आहेत, शेअर बाजाराचे आहेत, सुखी संसाराचे तर विचारू नका. सुखी संसाराच्या गुरूने चुकीचे शिकवले, तर फार तर दोन माणसे आठ दिवस बोलत नाहीत. खांबाच्या गुरूने चुकीचे शिकवले तर मान मोडते. तिथे ‘माझा हेतू चांगला होता’ या वाक्याला प्लॅस्टरइतकीही किंमत नाही. तेव्हा उत्साहाला अधिकार समजू नये. मामींचा प्रश्न इथे पुन्हा ताठ उभा राहतो, आणि तो बरोबर आहे.

त्याला उत्तर मला काउंटरवर बसल्या बसल्या सुचले. गर्दीच्या दिवशी तत्त्वज्ञान सुचत नाही. कनेक्टिव्हिटी गेली की सुचते. बँक कर्ज देते ते कोणाच्या पैशातून? लोक समजतात, बँकेच्या. बँकेचे स्वतःचे असते थोडके. बाकी सारे ठेवीदारांचे. हिंगणघाटच्या कापसाचे पैसे, देवळीच्या निवृत्त गुरुजींची ग्रॅच्युइटी, पुलगावच्या कोणा विधवेची मुदत ठेव. दुसऱ्याचे घेऊन तिसऱ्याला द्यायचे, यात लबाडी नाही. लबाडी तेव्हा होते, जेव्हा बँक ते स्वतःचे म्हणून मिरवते, जवळ राखून ठेवायची रोकडही वाटून टाकते, किंवा बुडण्याची वेळ आली की शटर ओढून घेते.

शिकवणाऱ्याचे तसेच आहे. कोणताही गुरू स्वतःच्या मालकीचे असे फारसे देत नाही. तो ठेवी फिरवतो. म्हणून त्याला ‘तुझे स्वतःचे किती?’ हा प्रश्न विचारू नये. ‘तुझी वही खरी आहे का?’ हा विचारावा.

वही खरी असणे म्हणजे आधी ठेवीदारांची नावे मान्य करणे. पोल डान्स शिकणाऱ्या काही प्रतिष्ठित बायका म्हणतात, आमचा खेळ निराळा, त्या क्लबातल्या बायकांशी आमचा संबंध नाही. मग ते डाव कोणाकडून आले? माकडाने शिकवले म्हणावे, तर त्या कथेतही माकडाला नमस्कार केलेला आहे. आपल्याकडे लावणीचे हेच झाले. आज चांगल्या घरच्या बायका तिशी-चाळिशीत हौसेने लावणीचा वर्ग लावतात आणि स्नेहसंमेलनात टाळ्या घेतात. ते उत्तमच आहे. पण ज्या बायकांनी ती कला पिढ्यान् पिढ्या सांभाळली, त्यांना याच घरांनी उंबरठ्याबाहेर ठेवले होते. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, त्यांच्या वयाची नव्वदी उलटल्यावर. इतक्या उशिरा व्याज दिले, तर आमच्यावर ग्राहक आयोगात केस होईल. मामेबहिणीने मात्र आपल्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगायचा परिपाठ ठेवला आहे, की हा नाच कुठून आला आणि कोणत्या बायकांनी तो घडवला. दोन विद्यार्थिनी त्यानंतर आल्या नाहीत. ती म्हणते, चालेल.

दुसरे म्हणजे शिल्लक ठाऊक असणे. आपल्याला दहा डाव येत असतील, तर सात शिकवावे, आणि अकराव्यासाठी विद्यार्थ्याला दुसऱ्या दारी पाठवावे. ‘हे मला येत नाही, त्यांच्याकडे जा’ हे वाक्य ज्याला म्हणता येते, त्याच्याकडे पोर पाठवायला हरकत नाही. हे वाक्य मोठमोठ्या विद्वानांनाही जड जाते. लहानपणी शिकलेल्याला तर फारच, कारण आपल्याला कधी येत नव्हते याची त्याला आठवणच नसते. उशिरा शिकलेल्याची ती जखम ताजी असते. त्याला एवढा एकच फायदा, पण मोठा.

आणि तिसरे शटर न ओढण्याचे. मल्लखांबाच्या आखाड्यात जाऊन पाहा. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात जा. तिथे उदय देशपांड्यांनी आयुष्य घालवले आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. किंवा तालुक्याच्या कोणत्याही व्यायामशाळेत जा. आपली नजर वर असते : पोरगे चढले, वेल घेतली, बोंडावर तोल सांभाळला, टाळ्या. खाली कोणी बघत नाही. खाली गादीच्या कडेला एक माणूस उभा असतो. पोट थोडे सुटलेले, केस विरळ, हात किंचित पुढे केलेले. त्याला आज तो डाव येतो की नाही, कोण जाणे. पण पोरगे उलटे होते, तेव्हा त्याचे डोळे एकदा खाली येतात, तो माणूस जागेवर आहे ना हे पाहून घेतात, आणि मगच हात सुटतो.

मला वाटते, शिकवण्याचा अधिकार म्हणतात तो तेवढ्याच जागेत मावतो. किती उंच चढता, कितव्या वर्षी चढलात, चढताना काय घातले होते, हे प्रश्न वरचे आहेत. खाली उभे राहता का, आणि पडणाऱ्याचे वजन अंगावर घ्यायची तयारी आहे का, हा खालचा प्रश्न. त्याला वयाची अट नाही. उलट खाली उभे राहायला चाळिशीचे अंग जरा बरेच पडते. त्याला बूड असते.

मामेबहिणीला मी फोनवर एवढेच विचारले, की तुझ्या वर्गातली ती आजी उलटी होते तेव्हा तू कुठे असतेस. ‘‘दादा, तिच्या डोक्याखाली,’’ ती म्हणाली, ‘‘आणि दोन्ही हात वर.’’ मी तिचा अर्ज मनातल्या मनात मंजूर करून टाकला. बँकेत मला तेवढा अधिकार नाही. तिथे वरच्या साहेबाची सही लागते.